जुन्या गाडीतला गारवा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



जुन्या मोटारगाड्यांवर जीव असलेल्या माणसांचे दोन पंथ असतात. पहिला पंथ म्हणतो, गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच ठेवली पाहिजे, एक स्क्रूसुद्धा बदलायचा नाही. दुसरा पंथ म्हणतो, गाडी ही वापरायची वस्तू आहे, काळाप्रमाणे तिच्यात हवे ते बदल करावेत. या दोन पंथांचं भांडण रंगावरून होतं, टायरवरून होतं, दिव्यांवरून होतं. पण सगळ्यात कडाक्याचं भांडण होतं ते एसीवरून. जुन्या गाडीतला बंद पडलेला एसी दुरुस्त करावा, नवा बसवावा, की उन्हाळा सोसावा? आज मी या भांडणाविषयी बोलणार आहे. आणि या भांडणाच्या गडबडीत जो तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, त्याविषयी तर नक्कीच बोलणार आहे. तो प्रश्न आहे, त्या जुन्या एसीत कोंडून राहिलेल्या गॅसचं काय करायचं?

माझी ओळख थोडक्यात सांगतो. माझं शिक्षण रेफ्रिजरेशनचं. नोकरीची तीसेक वर्षं नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षांच्या शीतगृहांत गेली. घरी १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी नंबर लावून, वाट पाहून घेतलेली. १९८९ साली त्यांनी तिला मुंबईहून एसी बसवून आणला. त्या काळी डॅशबोर्डच्या खाली टांगायची एक पेटी मिळायची. समोर जाळी, दोन बटणं, आणि आत कूलिंग कॉइल. पुढे २००५ च्या सुमारास कॉम्प्रेसरच्या क्लचची कॉइल जळाली आणि एसी बंद झाला. वडील गेले. गाडी बरीच वर्षं ताडपत्रीखाली होती. २०२२ साली मी ती पुन्हा रस्त्यावर आणायला घेतली, तेव्हा एसीचा प्रश्न समोर आला.

काही जणांना वाटेल, पद्मिनीला कशाला हवा एसी? प्रश्न रास्त आहे. ही गाडी मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनली, पण तिची मूळ रचना इटलीतल्या फियाट ११०० ची. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसएक अश्वशक्तीची. ज्यांनी ती आखली त्यांच्या मनात एसी नव्हता. वाऱ्यासाठी पुढच्या दारांना त्रिकोणी काचा होत्या. त्या तिरक्या केल्या की वारा थेट छातीवर यायचा. पण गाडीबाहेरचं जग बदललं. पूर्वी नाशिकहून मुंबईला जाताना झाडांच्या सावलीतून जायचो. आता रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना काँक्रीट, शेजारी मालमोटारींचा धूर. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. ती मला स्वच्छ म्हणाली, “गाडी तुझ्या वडिलांची आहे म्हणून मी तिच्याकडे रोज बघते. पण मे महिन्यात मला तिच्यात बसायला सांगू नकोस.”

हे वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. जुनी गाडी मरते ती चालवून नव्हे, उभी राहून. ब्रेकचे सिलिंडर अडकतात, पेट्रोलची टाकी आतून गंजते, रबर तडकतं, उंदीर वायरी कुरतडतात. घरातली माणसं जिच्यात बसत नाहीत ती गाडी हळूहळू अडगळ होते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींपैकी शेवटच्या गाडीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. आता ज्या उरल्या आहेत त्या आपल्यासारख्यांच्या घरी. त्या चालत्या ठेवायच्या तर घरच्यांना त्यांत बसावंसं वाटलं पाहिजे.

आता एसी म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. त्यासाठी लांब जायला नको, आपला माठ पुरे. माठातलं पाणी बाहेर झिरपतं, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. म्हणून माठातलं पाणी गार. मोटारीच्या एसीतही हेच घडतं. डॅशबोर्डखालच्या कॉइलमध्ये एका द्रवाची वाफ होते, ती आतल्या हवेतली उष्णता शोषून घेते. माठातली वाफ वाऱ्यावर निघून जाते. एसीतली वाफ मात्र आपण परत पकडतो. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर ती ओढून घेतो आणि दाबतो. दाबली की ती चांगलीच तापते. मग ती रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जाते, तिथे बाहेरच्या हवेला उष्णता देऊन टाकते आणि पुन्हा द्रव होते. एका बारीक व्हॉल्व्हमधून तो द्रव परत आतल्या कॉइलमध्ये येतो आणि फेरा पुन्हा सुरू होतो.

म्हणजे एसी हा एक हमाल आहे. तो गारवा तयार करत नाही. आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. हमालाची वाट मोकळी हवी, डोक्यावरचं ओझं त्याला झेपणारं हवं. जुन्या गाडीच्या एसीच्या बहुतेक तक्रारी या दोन गोष्टींत येतात.

मोटारीत एसी आला तो अमेरिकेत. पॅकार्ड कंपनीनं १९३९ साली आपल्या गाडीत तो देऊ केला. यंत्राचा मोठा भाग मागच्या डिकीत होता. कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. एसी बंद करायचा तर गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, बॉनेट उघडायचं आणि पट्टा उतरवून ठेवायचा! पुढे १९५४ साली नॅश कंपनीनं सगळी यंत्रणा बॉनेटखाली आणि डॅशबोर्डमागे बसवून दाखवली, आणि आजच्या एसीचा साचा तिथे ठरला.

या सगळ्या यंत्रांत फिरणारा गॅस होता आर-१२. त्याची कथा सांगण्यासारखी आहे. त्याआधी फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे विषारी वायू वापरत. गळती झाली की माणसं दगावत. १९२८ साली टॉमस मिजली या अमेरिकन संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक बिनविषारी, न पेटणारा वायू शोधला. १९३० साली मिजलीनं रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत तो छातीत भरून घेतला आणि त्याच श्वासानं मेणबत्ती विझवून दाखवली. विष नाही, आग नाही! जगानं टाळ्या वाजवल्या. आम्ही शीतगृहात काम करणारी माणसं अमोनियाला भितो, पण त्याचे आभारही मानतो. कारण तो गळला की नाकाला लगेच कळतं. आर-१२ ला वास जवळपास नाहीच. तो चोरपावलांनी जातो. मोटारीच्या एसीतून तर तो सततच जात असे. रबरी नळ्यांतून, जोडांतून, कॉम्प्रेसरच्या दांड्याच्या सीलमधून. दर एक-दोन वर्षांनी ‘गॅस भरून घ्या’ असं मिस्त्री सांगायचा, म्हणजेच आधीचा गॅस आकाशात गेलेला असायचा.

१९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड या दोन शास्त्रज्ञांनी सांगितलं की हा गॅस खाली नष्ट होत नाही. तो वर चढतो, वरच्या थरात सूर्याच्या अतिनील किरणांनी फुटतो, आणि त्यातून सुटलेला क्लोरिन ओझोनचा थर खातो. क्लोरिनचा एक अणू ओझोनच्या लाखभर रेणूंचा फडशा पाडू शकतो. १९८५ साली ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र जगापुढे मांडलं. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियलचा करार झाला. भारत १९९२ साली त्यात सामील झाला. मोलिना आणि रोलंड यांना, पॉल क्रुट्झन यांच्यासह, १९९५ चं नोबेल मिळालं. आणि १ ऑगस्ट २००८ पासून भारतानं दम्याच्या औषधी पंपांचा अपवाद ठेवून या वायूंचं उत्पादन थांबवलं, तेही ठरलेल्या मुदतीच्या सतरा महिने आधी.

म्हणजे श्रोतेहो, तुमच्या जुन्या गाडीत आर-१२ उरला असेल तर तो असा एक पदार्थ आहे, जो बनवायचा नाही असं सगळ्या जगानं एकमतानं ठरवलं आहे. तो जिथे आहे तिथे नळीत कोंडलेला आहे. तो सोडायचा की नाही हे गाडीच्या मालकाच्या हातात असतं. त्या क्षणी तिथे कोणी अधिकारी उभा नसतो.

आमच्या गाडीच्या वेळी हेच झालं. मिस्त्रीनं गेज लावलं तर काटा चढला. इतक्या वर्षांनीही आत गॅस होता. मिस्त्री कामाला उत्तम, हात अगदी सफाईचा. पण त्यानं सवयीनं पाना उचलला आणि म्हणाला, “साहेब, आधी हा गॅस सोडून देतो. दोन मिनिटांचं काम.”

मी म्हटलं, “थांबा.”

“अहो, जुना गॅस आहे. आता काय उपयोग त्याचा?”

मी त्याला हिशेब सांगितला, तोच तुम्हालाही सांगतो. ओझोनचं एक सोडा. आर-१२ हवा तापवण्यातही पटाईत आहे. एक किलो आर-१२ शंभर वर्षांत जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला कार्बन डायऑक्साइड सुमारे १०,९०० किलो लागतो. आमच्या गाडीतून नंतर गॅस निघाला तो अडीचशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पावणेतीन टन कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. तेव्हा तो पाव किलो गॅस सोडणं म्हणजे साधारण १,१८० लिटर पेट्रोल एका दमात जाळणं. पद्मिनी लिटरला बारा किलोमीटर धरली तर चौदा हजार किलोमीटरचा प्रवास. पृथ्वीप्रदक्षिणेचा तिसरा हिस्सा, आणि तोही गॅरेजच्या दारातून न हलता!

मिस्त्री पाना हातात धरून ऐकत होता. मग म्हणाला, “एवढं आजवर कोणी सांगितलंच नव्हतं, साहेब.”

दोन गॅरेजांनी नकार दिला, तिसऱ्याकडे गॅस ओढून घेणारं यंत्र मिळालं. ते यंत्र गाडीतला गॅस शोषून सिलिंडरात भरतं. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. त्यातही एक काळजी घ्यावी लागते. आत खरोखर आर-१२ च आहे का, हे आधी तपासायचं. आर-१२ मिळेनासा झाल्यावर कित्येक ठिकाणी त्याच्या जागी पेटणारे वायू भरले गेले, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरातल्या गॅसचे चुलतभाऊ. ते गार करतात चांगलं, यात शंका नाही. पण मोटारीची कूलिंग कॉइल माणसं बसतात त्याच जागेत असते. तिथे गळती झाली आणि कुठे ठिणगी पडली तर काय होईल हे सांगायला नको. ज्या यंत्राची रचना पेटणाऱ्या गॅससाठी झालेली नाही, त्यात तो भरू नये.

गॅस काढल्यावर खरं काम सुरू होतं. आज सगळीकडे मिळणारा गॅस म्हणजे आर-१३४ए. त्यात क्लोरिन नाही, म्हणून ओझोनला धक्का नाही. पण ‘जुना काढा, नवा भरा’ इतकं ते सोपं नाही. त्याची कारणं सांगतो.

पहिलं कारण तेल. कॉम्प्रेसरचं वंगण गॅसबरोबर साऱ्या नळ्यांतून फिरून परत येतं. आर-१२ बरोबर खनिज तेल चालायचं. आर-१३४ए मध्ये ते विरघळत नाही, कुठेतरी तळाशी साचून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. म्हणून जुनं तेल धुऊन काढायचं आणि एस्टर किंवा पॅग नावाचं कृत्रिम तेल घालायचं. जुन्या तेलाचा थोडा अंश आत राहण्याची शक्यता असेल तर एस्टर बरं. पॅग तर हवेतलं पाणी असं ओढतं की बाटली उघडी ठेवायची सोय नाही.

दुसरं कारण नळ्या. नव्या गॅसचा रेणू लहान. जुन्या साध्या रबरातून तो पाझरतो. आतून नायलॉनचं अस्तर असलेली नळी लागते, आणि प्रत्येक जोडाची ओ-रिंग नव्या जातीच्या रबराची. ओलावा शोषणारा ड्रायरही नव्या गॅसला चालेल असाच घ्यावा लागतो.

तिसरं कारण दाब. कंडेन्सर साठ अंशांवर असताना आर-१२ चा दाब २०५ पीएसआयच्या आसपास असतो, आर-१३४ए चा २३० च्या घरात. हमालाच्या डोक्यावर ओझं वाढलं. जुना कंडेन्सर त्याला पुरत नाही. म्हणून नव्या पद्धतीचा, चपट्या समांतर नळ्यांचा कंडेन्सर घ्यावा. तेवढ्याच जागेत तो कितीतरी जास्त उष्णता टाकतो. आणि त्याच्यासाठी वेगळा विजेचा पंखा लावावा. सिग्नलला उभ्या गाडीत वारा नसतो. कंडेन्सरची सगळी उष्णता मागच्या रेडिएटरवर जाते आणि इंजिनही तापतं. जुन्या गाडीत एसी लावला की इंजिन उकळतं, असं लोक म्हणतात. दोष बहुतेक वेळा एसीचा नसतो. अर्धा बुजलेल्या रेडिएटरचा आणि न पोहोचणाऱ्या वाऱ्याचा असतो. त्यामुळे एसीच्या आधी रेडिएटर साफ करून घ्या.

चौथी गोष्ट कॉम्प्रेसर. जुने कॉम्प्रेसर दोन पिस्टनांचे, उभे, वजनदार असत. चालू झाले की सगळी गाडी थरथरायची. आता पाच किंवा सात छोट्या पिस्टनांचे गोल कॉम्प्रेसर मिळतात. ते हलके असतात आणि एकसारखे फिरतात. पण ज्या पट्टीवर तो बसवायचा ती पट्टी नीट करून घ्या. पुलींच्या ओळीत थोडा जरी फरक राहिला तरी पट्टा ओरडतो आणि तुटतो. कॉम्प्रेसर चालू झाला की इंजिनची तीन-चार अश्वशक्ती तो खातो. मोठ्या गाडीला ते कळत नाही. चाळीस अश्वशक्तीच्या पद्मिनीला कळतं. म्हणून उभ्या गाडीत इंजिनचा वेग थोडा वाढवणारी सोय कार्ब्युरेटरला करावी लागते. आणि कसाऱ्याचा घाट चढताना एसी बंद करायचा, यात कमीपणा मानू नये.

कोणी सुचवतं, बॅटरीवर चालणारा विजेचा कॉम्प्रेसर बसवा, म्हणजे इंजिनवर भार नाही. साधा हिशेब करा. बारा व्होल्टच्या गाडीत एक किलोवॉट ताकद हवी तर ऐंशीहून अधिक अँपिअर लागतात. ती वीज कुठून येणार? शेवटी इंजिनच फिरवणार ना आल्टरनेटर! डायनामोच्या काळातल्या गाड्यांना तर साधा पंखा आणि दिवे एकदम झेपत नाहीत. आमच्या गाडीतला आल्टरनेटर बेताचा होता, तो मोठा घातला. पंखा, ब्लोअर आणि क्लच यांना वेगळ्या जाड वायरी, वेगळे फ्यूज आणि रिले दिले. पस्तीस-चाळीस वर्षांच्या वायरीवर नवा भार टाकणं म्हणजे आगीला आमंत्रण.

यानंतर गळतीची परीक्षा. कोरडा नायट्रोजन वायू दीडशे पीएसआयपर्यंत भरून यंत्रणा रात्रभर ठेवली. सकाळी काटा खाली आला होता. साबणाचं पाणी लावत गेलो, तर कूलिंग कॉइलच्या एका जोडावर बुडबुडा फुगला. तो जोड डाग देऊन पक्का केला. दुसऱ्या रात्री काटा तसाच राहिला. लक्षात ठेवा, दाबासाठी ऑक्सिजन कधीही वापरायचा नाही. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

मग व्हॅक्यूम. आतली हवा पंपानं ओढून काढायची. केवळ हवा नाही, आत दडलेला ओलावाही काढायचा असतो. आतला दाब वातावरणाच्या तिसाव्या भागाइतका खाली आणला की पाणी २५-२६ अंशांनाच उकळतं आणि वाफ होऊन निघून जातं. पण त्याला वेळ लागतो. पंप पाऊण तास तरी चालू द्या. घाई केली आणि पाणी आत राहिलं, तर ते व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात गोठतं आणि गॅसबरोबर आम्लही तयार करतं. पावसाळ्यात तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

शेवटी गॅस, तोही वजनकाट्यावर मोजून. जेवढा आर-१२ लागायचा त्याच्या साधारण ८० ते ८५ टक्क्यांपासून सुरुवात करायची आणि दोन्ही बाजूंचे दाब बघत पुढे जायचं. ‘थोडा जास्त भरतो, जास्त गार होईल’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. जास्त गॅसनं दाब चढतो आणि गारवा उलट कमी होतो.

आता मूळ भांडणाकडे येतो. मूळचं राखायचं की बदलायचं? मी माझ्यापुरता एक नियम केला. जे दिसतं ते राखायचं, जे झिजतं ते बदलायचं, आणि जे केलं ते उद्या कोणाला उलटं करता आलं पाहिजे. डॅशबोर्डखालची वडिलांनी लावलेली पेटी, तिची जाळी, तिची बटणं तशीच ठेवली. नवा एसी म्हणून प्लास्टिकचा चकचकीत डॅशबोर्ड सुचवण्यात आला होता. त्यासाठी मूळ पत्रा कापावा लागला असता. मी नाही म्हटलं. कॉम्प्रेसर नवा, पण इंजिनला आधीपासून असलेल्या भोकांतच पट्टी बसवली. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेवला आहे.

याला एक व्यवहारी कारणही आहे. केंद्र सरकारनं २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, ही त्यातली अट आहे. आमच्या गाडीला पन्नास वर्षं २०३४ मध्ये पूर्ण होतील. पत्रा कापणं दहा मिनिटांचं काम असतं. कापलेला पत्रा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

आणि अर्ध्याहून अधिक गारवा तर एसीच्या बाहेरच असतो. दारांचे रबर बीडिंग बदला. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून वायरी, केबली येतात, तिथली भोकं रबरानं बुजवा. नाहीतर इंजिनची गरम हवा पायांवर येत राहते. पायाखाली आणि छपराच्या आत उष्णतारोधक थर घाला. गाडी सावलीत लावा. उन्हातली गाडी सुरू करताना आधी दोन मिनिटं सगळ्या काचा उघड्या ठेवून चालवा, आतली तापलेली हवा फुकटात बाहेर जाते. हमालाला उगीच का ओझं द्यायचं?

मे महिन्यात, बाहेर ३९ अंश असताना, सिन्नरच्या रस्त्यावर मी जाळीपाशी तापमापक धरला. गाडी पळत असताना १२ अंश, सिग्नलला उभी असताना १८. आजच्या गाडीच्या मानानं हे फार नाही. आई शेजारी बसली होती. तिनं सवयीनं त्रिकोणी काच उघडली. मी म्हटलं, “आई, गारवा बाहेर जातोय.” ती म्हणाली, “जाऊ दे थोडा. या गाडीत बसलं की ती काच उघडायची असते.” मग तिची तिनेच लावली.

आता आर-१३४ए विषयी एक खरं सांगितलं पाहिजे. तो ओझोनला निर्धोक असला तरी हवा तापवतो. कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट. १५ ऑक्टोबर २०१६ रोजी रवांडातल्या किगालीत झालेल्या करारानुसार अशा वायूंचा वापरही कमी करायचं ठरलं. भारतानं २०२१ साली त्याला मान्यता दिली. २०२८ मध्ये आपला वापर गोठवायचा आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्यानं उतरवायचा आहे. नव्या गाड्यांसाठी याहून सौम्य वायू आले आहेत, पण ते थोडे पेटणारे आणि महाग आहेत, जुन्या यंत्रणेत सरसकट भरायचे नाहीत. म्हणजे गॅस बदलत राहणार. आपल्या हातात एकच गोष्ट कायम राहते. जो कोणता गॅस असेल तो नळीच्या आतच राहिला पाहिजे. दरवर्षी गॅस भरावा लागत असेल तर तो एसी चालू आहे असं म्हणू नका, तो गळतो आहे असं म्हणा. आधी गळती काढा, मग गॅस भरा.

म्हणून जाता जाता एवढंच सांगतो. तुमच्या किंवा ओळखीच्या कोणाच्या घरी १९९० च्या दशकातली किंवा त्याआधीची एसीची गाडी उभी असेल, ती दुरुस्तीला नेत असाल किंवा भंगारात देत असाल, तर आधी एक प्रश्न विचारा: “गॅस ओढून घ्यायचं यंत्र आहे का?” भंगारवाला नळी कापतो आणि एका फुसकाऱ्यात सगळं संपतं. त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला कोणी सांगितलेलं नसतं. सांगायचं काम मालकाचं. आमचा तो मिस्त्री आता जुनी गाडी आली की पाना लावण्याआधी गेज लावतो, आणि काटा चढला तर मालकाला यंत्र असलेल्या गॅरेजचा पत्ता देतो. कधीकधी त्याचं गिऱ्हाईक तिकडेच राहतं, तरी देतो.

गाडीत गारवा हवा असणं यात गैर काही नाही. तो मिळवताना आकाशाचं देणं वाढू नये, इतकं आपण पाहू शकतो.